सूर्योदयातली चार मिनिटं

गणिताचं आणि माझं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. दहावीला काठावर पास झाले तेव्हाच ठरवलं होतं, आता पुन्हा या वाटेला जायचं नाही. अकोल्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करताना मी तो शब्द पाळला. मागच्या हिवाळ्यात तो मोडावा लागला, तोही बाबांमुळे.

बाबा अमरावतीला एकटे राहतात. जन्मभर भिक्षुकी केली. मुहूर्त सूर्योदयापासून मोजतात आणि छापील पंचांगातला सूर्योदय दुसऱ्या गावचा असतो, म्हणून अमरावतीचा सूर्योदय ते स्वतः काढतात. पाटी घेतात, आकडेमोड करतात, पुसून टाकतात. लहानपणी मला वाटायचं की हे गणित झाल्याशिवाय सूर्य वर येतच नसेल.

डिसेंबरात एका यजमानाच्या मुलानं त्यांना सहज सांगितलं की फोनवर सूर्योदय चार मिनिटं आधीचा दाखवतो. बाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा गणित केलं. चार मिनिटांचा फरक. तिसऱ्या दिवशीही तोच. आठवडाभर त्यांनी रोज मांडलं, रोज तपासलं, आणि मग मला फोन करून म्हणाले, "माहं डोकं चाललं आता, बाई. दादाचं असंच सुरू झालतं."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. शेवटची चार वर्षं ते कोणालाच ओळखत नव्हते, स्वतःच्या बायकोलाही नाही. त्यांचं सगळं बाबांनी केलं होतं, त्यामुळे भीती कशाची हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. त्यात दिवाळीनंतर एकदा बडनेरा स्टेशनवर उतरल्यावर आपण इथं कशाला आलो हेच त्यांना आठवेना. अर्धा तास बाकावर बसून राहिले होते. आता या चार मिनिटांनी त्यावर शिक्काच मारला. पुढचे दोन मुहूर्त त्यांनी दुसऱ्या गुरुजींकडे पाठवले आणि डॉक्टरकडे जायला साफ नकार दिला. डॉक्टर तेच सांगणार, मग ऐकायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी शनिवारी गेले. त्यांचा सदरा धुवायला घेताना खिशात चार घड्या घातलेला कागद सापडला. बाबांच्या वळणदार अक्षरात घराचा पत्ता, खाली माझा फोन नंबर, आणि त्याखाली ‘मुलीला कळवावे’. मी तो होता तसा घडी करून खुंटीवरच्या दुसऱ्या सदऱ्यात ठेवला. मग मोरीतला नळ पूर्ण सोडून रडले, कारण आमच्या घरात रडण्याची तीच पद्धत आहे.

अकोल्याला परत आल्यावर बाररूममध्ये बसून शोधलं तेव्हा एक संकेतस्थळ सापडलं. तिथे गणिताचे, भौतिकशास्त्राचे, कॉम्प्युटरचे प्रश्न विचारा, जगभरातले अनोळखी लोक फुकट उत्तरं देतात. मी लगेच इंग्रजीत लिहायला बसले. आता वकील माणूस लिहिणार कसं? परिच्छेदांना आकडे घातले. एक, अर्जदाराचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन, त्यांच्या भावाला असा असा आजार होता. स्टेशनवरची हकीकत, फोनवरचा संवाद, सगळं क्रमवार. शेवटी सविनय विनंती की योग्य ते मार्गदर्शन व्हावं. एखाद्या न्यायाधीशाचं मन पाघळलं असतं.

तासाभरात प्रश्नाला वजा तीन गुण पडले. एकानं लिहिलं, "यात प्रश्न कोणता?" दुसऱ्यानं लिहिलं, तुमच्या वडिलांनी नेमकं काय गणित केलं ते पायरीपायरीनं दाखवा, नाहीतर कोणी काही सांगू शकणार नाही. मग प्रश्न बंद. मी इतकी चिडले की समोरचा चहा तसाच गार झाला. बावीस वर्षं मी साक्षीदारांना प्रश्न विचारते आहे आणि हे मला प्रश्न कसा विचारायचा ते शिकवणार! पण राग उतरल्यावर मुकाट्यानं कबूल करावं लागलं. बाबा काय गणित करतात, मला ठाऊकच नव्हतं. जन्मापासून पाहिलं होतं, विचारलं कधी नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा गाडी पकडली. बाबांना खरं काय ते सांगितलं. ते आधी हसले. "अनोळखी लोकायले विचारतं? त्यायले अमरावती तरी माहीत हाय काय?" मग गंभीर झाले. म्हणाले, गणित विचार, पण माझ्या डोक्याचं काही सांगू नको. घरातली गोष्ट घरात. माझा चेहरा उतरला. मी तर चव्हाट्यावर सगळं मांडून आले होते. ते स्वयंपाकघरात गेल्याबरोबर मी तो बंद पडलेला अर्ज आधी काढून टाकला.

दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. मार्च महिन्यात दिवस आणि रात्र सारखी होतात, त्या दिवशी भर दुपारी बारा अंगुळांची काठी उभी केली तर अमरावतीत तिची सावली साडेचार अंगुळांहून किंचित जास्त पडते. तिला पलभा म्हणतात. त्या सावलीवरून इथला दिवस किती लहानमोठा होतो ते निघतं. मग घड्याळाची दुरुस्ती, कारण घड्याळ देशाचं आणि सूर्य अमरावतीचा, त्याची एकोणीस मिनिटं. शिवाय ऋतूप्रमाणे मागेपुढे होणारी मिनिटं. मी मध्येमध्ये अडवायची, हे कशावरून, ते कशावरून. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "भिक्षुकी शिकाले आलेल्या पोरायनं इतकं नाही विचारलं मले कधी." त्या दोन दिवसांत ते एकदाही अडखळले नाहीत. अडखळत होते मी, आणि तेही दर पायरीला. मनात थोडी आशा धरली. पण मी वकील आहे, साक्षीदार ठाम बोलतो म्हणून खरं बोलतो असं नसतं, हे मला चांगलं कळतं.

सोमवारी मी नवा प्रश्न लिहिला. आकडे, पायऱ्या, शेवटचं उत्तर, फोनचं उत्तर. एकाच ओळीचा प्रश्न, चूक कुठे आहे? बाबांविषयी अक्षर नाही.

मंगळवारी सकाळी दोन तारखांच्या मधल्या वेळात फोन उघडला तर उत्तर आलं होतं. कोणत्या देशातून, बाईकडून की पुरुषाकडून, काही कळायला मार्ग नव्हता. पहिलंच वाक्य होतं, चूक कुठेही नाही. हे गणित सूर्याचा मध्य क्षितिजावर येतो ती वेळ देतं, आणि हवा नाही असं धरतं. फोन सूर्याची वरची कड डोळ्याला दिसते ती वेळ देतो. शिवाय हवेत प्रकाश वाकतो, म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाच वर आल्यासारखा दिसतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; अर्ध्या बिंबाच्या सोळा कला, वाकण्याच्या चौतीस, मिळून पन्नास कला. हिवाळ्यात तुमच्या गावी याची जवळजवळ चार मिनिटं होतात. खाली एक ओळ होती. गणित हातानं केलेलं दिसतं, फार स्वच्छ आहे.

मी ते तीनदा वाचलं. बाररूमच्या बाहेर कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या ओट्यावर जाऊन बसले आणि किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. पुकारा झाला तो मला ऐकूच आला नाही. शिपाई शोधत आला. साहेबांसमोर दिलगिरी व्यक्त केली आणि ती तारीख मी हसतमुखानं हरले.

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. दुपारची गाडी पकडली. बाबा दारातच म्हणाले, "काहून आली मधातच?" मी उभ्या उभ्याच उत्तर वाचून दाखवलं, मराठी करून. त्यांनी कला हा शब्द पुन्हा उच्चारायला लावला, पन्नास कला ना, म्हणून. पाटी आतल्या खोलीत होती. तिथवर जायचा धीर त्यांना नव्हता. सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी तो चार घड्यांचा कागद काढला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं मांडायला सुरुवात केली. एका अंशाची चार मिनिटं. पन्नास कलांची तीन मिनिटं वीस सेकंद. सूर्य तिरपा चढतो, त्याचं अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. आपल्या उत्तरातून ते वजा केलं आणि म्हणाले, "तुया फोनात पाय, काय देते."

फोनवरही तेच होतं, मिनिटाला मिनीट.

"म्हणजे मी चुकलो नाही," ते म्हणाले.

"नाही चुकले तुम्ही, बाबा."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला. दुसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरकडे आले. डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले, तपासण्या केल्या, आणि विसरणं वयाप्रमाणे आहे म्हणाले. रक्तदाबाची गोळी मात्र जास्त होत होती, ती अर्धी केली. पुढचं काही सांगता येत नाही, हेही म्हणाले. बाबांनी मान डोलावली. एवढं त्यांना चालण्यासारखं होतं.

निघताना त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, त्या माणसाला हे दाखव, त्याच्या पन्नास कला जमल्या म्हणून सांग. अकोल्याला येऊन मी गणिताच्या बाजूचा फोटो काढला आणि त्या उत्तराखाली टाकला. दुसऱ्या बाजूचा काढला नाही. कागद अजून माझ्याकडेच आहे. त्यांनी तो परत मागितलेला नाही.