गुंडाची मागणी

आमच्या घरात आजोबांच्या डॉक्टरकीचं कौतुक सांगायला सगळे पुढे असतात. गुंडाचं नाव कोणी काढत नाही, म्हणून मी काढते.

मी प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या, कर्करोगावर संशोधन करते. ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या संप्रेरकावर पोसते. ते तयार करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, औषधानं अडवायची आणि गाठीला उपाशी ठेवायचं, एवढीच आमची विद्या. सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाला तिचं मूळ १९३४ सालीच कळलं होतं.

गुंडाचं नाव होतं ते एडके खच्ची करण्यात. हात इतका हलका, की सोडल्यावर जनावर लगेच चरायला लागायचं. साठी उलटल्यावर त्याची लघवी तुंबू लागली, मग कंबर धरली. पुढं पुढं तर आडवं होणंही नशिबी राहिलं नाही. रात्रभर बसून काढायचा. त्याच्या बायकोनं, केराबाईनं, त्याला सोलापुरात आजोबांकडे आणलं. आजोबांनी तपासलं. गाठ टणक होती आणि रोग हाडांत उतरला होता. इलाज नाही, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं.

गुंडा म्हणाला, "एडका कापला की मुताच्या पिशवीपाशी गाठी दिसत्यात. खच्ची केलेल्यात त्या सुकून गेल्याल्या असत्यात. डाक्टर, मला खच्ची करा. मरायला माझी ना न्हाय. पाठ तेवढी टेकू द्या."

आजोबा हसले. ते हसू त्यांना जन्मभर पुरलं.

"करा की," केराबाई म्हणाली. "आमाला नातवंडं झाली. आता त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"माणसाला असलं करत नाहीत, बाई."

खरं कारण वेगळं होतं. लोक काय म्हणतील, याची त्यांना धास्ती वाटली. म्हातारपणी मला त्यांनी स्वतःच हे सांगितलं. तेव्हा अफूचं औषध देऊन त्यांनी दोघांची बोळवण केली. चार महिन्यांनी गुंडा गेल्याचं कळलं.

सात वर्षांनी एका अमेरिकन मासिकात आजोबांनी वाचलं, की वृषणं काढल्यावर अशा रोग्यांच्या वेदना काही दिवसांतच थांबल्या. ते तडक केराबाईच्या गावी गेले. ती दारात लोकर पिंजत बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं, हातही जोडले.

ती पिंजतच राहिली. मान खालीच ठेवून म्हणाली, "बसल्या बसल्याच गेला त्यो, डाक्टर. आमी मग आडवा केला."