उचलायचं आणि चालायचं

बुढापारा नावाच्या वस्तीत आमच्या दुकानासमोर धान्याचं गोदाम आहे. तिथला गोंदियाकडचा एक हमाल दुपारी पोत्यांना टेकून बायबल वाचायचा, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा खोड काढायची म्हणून मी ते पुस्तक मागून घेतलं, चाळलं आणि त्याला पकडलंच. "तुझं पुस्तक एका ओळीत म्हणतं, एकमेकांची ओझी वाहा. तीन ओळी खाली म्हणतं, ज्यानं त्यानं आपलं ओझं वाहावं. खरं मानू तरी कोणतं?"

तो चिडला नाही. त्यानं पुस्तक गमछ्यात गुंडाळून ठेवलं, डोक्यावर चुंबळ बसवली आणि म्हणाला, "भैया, माझा जोडीदार नाही आला आज. हात लावा जरा."

दोघांनी मिळून पोतं वर उचललं. माझा दमच निघाला. तेवढ्यात तो वाकून पोत्याखाली शिरला आणि सगळा भार त्यानं डोक्यावर घेतला.

"उचलाले दोघं लागते, भैया. चालाले पाय आपलेच."

ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तो एकटा चढत गेला. फळी वाकत होती, मान ताठ होती. मी मात्र रिकामे हात तसेच वर धरून उभा होतो.