सुभेदारांचा चाकांवरचा बंगला

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही चूक केली नाही. ही माहिती त्यांनी स्वतःच मला दिली, तीही ते सुट्टीवर आलेले असताना मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी, पोह्यांची बशी हातात यायच्या आधी. "वीस वर्षं झाली फौजेत. सर्व्हिस बुकात एक लाल शेरा न्हाई. कोई शक?" त्यांनी विचारलं. मला शक नव्हता. असता तरी त्या मिशांसमोर तो सांगण्याइतकं माझं लग्न पक्कं झालेलं नव्हतं.

सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. मी तोंडावर मामा म्हणायचो, आणि सांगलीला परतलो की विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत, बायको सुमन स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून, सुभेदारच म्हणायचो. गाव कराडच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. सुभेदार फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत होते. सव्वीस वर्षांत ते घरी आले ते फक्त सुट्टीला, वर्षातून एकदा, कधी तेही नाही. घर, शेती, जनावरं, दोन मुली, सगळं माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी सांभाळलं. त्यामुळं नव्वदीच्या सुरुवातीला सुभेदार पेन्शन घेऊन कायमचे घरी आले, तेव्हा त्या घराला एकच गोष्ट नको होती, आणि ती म्हणजे आणखी एक अधिकारी.

आल्या आल्या त्यांनी घराची तपासणी केली. मामींची भांडी उंचीप्रमाणे रांगेत लावली, त्यामुळं मामींना आठवडाभर तवा सापडला नाही. गोठ्याच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. पहाटे पाचला चारा, साडेपाचला धार, सहाला शेण. म्हशीला साडेपाच पसंत पडले नाहीत. तिनं तीन दिवस पान्हा चोरला. चौथ्या दिवशी मामी म्हणाल्या, "आवं, ती म्हस हाय, पलटण न्हाई." सुभेदारांनी वेळापत्रक काढलं, पण चूक झाली असं म्हटलं नाही. म्हशीला अजून ट्रेनिंग नाही, एवढंच म्हणाले.

त्यांना नाद होता मासे धरण्याचा. फौजेत लागलेला. आणि मामींच्या गळ्यात माळ. एके दिवशी सुभेदार ओढ्यातून हातभर मरळ घेऊन आले आणि ती सोप्यात ठेवली. मामींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी चुलीपुढची जमीन सारवली, हात धुतले आणि म्हणाल्या, "ह्या चुलीवर मासा शिजायचा न्हाई. घर तुमचं हाय. तुमी म्हणाला तर मी भाईर जाती."

सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, "तू कशाला जातीस? मी दुसरं घर बांधतो."

माणसं रागाच्या भरात असं काहीबाही बोलतात आणि विसरतात. सुभेदार बोललेलं विसरत नसत. त्यांची पलटण लडाखला असताना मेसमध्ये कुठल्यातरी परदेशी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. गोठलेल्या तळ्यावर चाकांची एक खोली. खोलीच्या जमिनीला भोक, त्याच्याखाली बर्फाला भोक, आणि वर एक गोरा माणूस शेगडीजवळ उबेत बसून त्या भोकातून गळ सोडतोय. ही हकिगत मी त्यांच्याकडून तीनदा ऐकली. पहिल्या वेळी चित्र होतं. दुसऱ्या वेळी त्यांच्या कर्नलसाहेबांनी अशी खोली प्रत्यक्ष पाहिली होती. तिसऱ्या वेळी त्या शेगडीजवळ सुभेदार स्वतः बसलेले होते.

"पण मामा, आपल्याकडं बर्फ कुठाय?" मी विचारलं.

"पाव्हणं, बर्फ म्हणजे काय? पाणीच न्हवं? ते हाय आपल्याकडं. कोई शक?"

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता. त्याचा काठ उथळ, पसरट. पावसाळ्यानंतर पाणी रोज थोडं थोडं मागं सरायचं. सुभेदारांचा बेत असा की खोली चाकांवर असली म्हणजे पाणी जिकडं जाईल तिकडं तीही जाईल. कागदावर हे पटण्यासारखं होतं. सुभेदारांचं सगळंच कागदावर पटण्यासारखं असे.

काम चार महिने चाललं. कराडच्या भंगारवाल्याकडून एका जुन्या ट्रॉलीचा सांगाडा आला. त्यावर फळ्यांची जमीन, कडेनं लोखंडी पट्ट्या, त्यांना ठोकलेले पत्रे. एका मोडीत निघालेल्या बसच्या सरकत्या काचांच्या दोन खिडक्या. आत फळीची बाज, स्टोव्हसाठी कोनाडा, फौजेतली शिट्टी अडकवायला खिळा. दारावर पांढऱ्या रंगात अक्षरं रंगवली होती, 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. गावातला दिनकर सुतार हाताखाली होता. त्याला खोलीचं सगळं समजत होतं, फक्त भोक समजत नव्हतं. तरी सांगितल्याप्रमाणे त्यानं फळ्या कापल्या. सुभेदारांनी तीनदा माप घेऊन खडूनं आखलेलं, दीड फूट चौरस भोक तयार झालं. दिनकरनं त्यातून खाली डोकावून पाहिलं.

"सुभेदार, हितनं खालनं आक्साल जातोय," तो म्हणाला.

सुभेदार गुडघ्यावर बसून पाहू लागले. भोकाच्या बरोबर मधून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, चाकांचा जाडजूड कणा गेला होता. त्यातून गळ सोडला असता तर तो कण्यावरच वाळत पडला असता. दिनकर सांगायचा, सुभेदारांनी खडू मागून घेतला. मग उठून त्यांनी दोन हात पुढं दुसरा चौकोन आखला. "हे मासे धरायचं. ते टेहळणीचं."

"मग ते बुजवून टाकू का?"

"कशाला? टेहळणीचं हाय म्हणलं न्हवं."

बुजवलं असतं तर चूक झाली होती असं झालं असतं. म्हणून ते तसंच राहिलं. वर एक सतरंजीचा तुकडा पडला, बस्स.

दिवाळीनंतर पुतण्याच्या ट्रॅक्टरनं बंगला तलावावर गेला. बंगला हे नाव गावानंच दिलं. ट्रॅक्टरनं तो मागं मागं ढकलत मांडीभर पाण्यात उभा केला. सुभेदार आत चढले, दार लावलं, आणि गाव काठावर बसून वाट पाहू लागलं. दुपारी सुभेदारांनी एक खेकडा धरला. तोही गळाला नव्हता लागला, भोकातून स्वतःहून वर आला होता.

पण ते नेटानं रोज जात राहिले. मांडीभर पाण्यात येणारे मासे बोटाएवढे असत. सुभेदार ते स्टोव्हवर तळत आणि फौजेतल्या पांढऱ्या ताटात काट्याचमच्यानं खात. दर आठपंधरा दिवसांनी पुतण्या ट्रॅक्टर घेऊन येई आणि बंगला चार पावलं पुढं सरके. काठावरच्या गव्हाला पाणी पाजणारे लोक म्हणत, "बंगला कुठवर गेलाय बघ रं," आणि त्यावरून तलावात किती पाणी उरलंय ते ठरवत. सुभेदारांचा गावाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.

मी एकदा आत गेलो होतो. रीतसर परवानगी मागून. स्टोव्हवर चहा उकळत होता, काचेतून पाण्यावर ऊन हलताना दिसत होतं. सुभेदार बाजेवर बनियनमध्ये बसले होते, आणि त्यांना कॉलरचं बटण न लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी थट्टेनं विचारलं, "काय मामा, घर बरं का बंगला?"

ते गळाकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, घरात मी कुठं बसू तेच कळत न्हाई. जिथं बसतो तिथं कुणाचं तरी काम निघतंय. उठा म्हणत न्हाईत. नुस्तं झाडू घेऊन उभं ऱ्हात्यात."

मी चहा प्यायलो आणि कप धुऊन ठेवला. तो त्यांनी पुन्हा धुतला.

पुढच्या उन्हाळ्यात जे झालं ते मला मामींनी सांगितलं. मामी रोज बाराला भाकरी घेऊन तलावाच्या काठावर यायच्या आणि ताटलीवर चमचा वाजवायच्या. सुभेदार पाण्यातून चालत येऊन भाकरी घेऊन जायचे. बंगल्यात मामींनी पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिथं मासा शिजतो. त्या दिवशी चमचा वाजला, पण दार उघडलं नाही. मामींनी नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. त्या काठावरून "आवं, आवं" एवढंच ओरडत राहिल्या. मग भाकरी दगडावर ठेवली, लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरल्या. दारावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दार ढकललं.

सुभेदार टेहळणीच्या भोकात होते. मागं सरताना सतरंजीवर पाय पडला आणि उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. कणा आणि फळी यांच्यात पाय अडकून नडगी मोडली होती. सकाळी नवापासून ते तसेच होते. शिट्टी खिळ्यावर, हातापासून दोन वीत लांब.

"कवापासनं?" मामींनी विचारलं.

"झाला थोडा वेळ," सुभेदार म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

मामींनी कोपऱ्यातली करवत घेतली आणि फळी कापायला बसल्या. सुभेदारांनी डोळे मिटले होते, तरी म्हणाले, "करवत तिरकी धर. दाब देऊ नको. आधी खूण कर."

"गप ऱ्हावा," मामी म्हणाल्या.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. मामी म्हणतात, त्यांना असं मी पहिल्यांदा बोलले, आणि ते गप राहिले. अर्धी फळी कापल्यावर मामींच्या हातातली ताकद संपली. त्यांनी खिडकीची काच सरकवून हाका मारल्या. जतकडचे धनगर दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन तलावाच्या वरच्या माळावर उतरायचे. त्यातले दोघं धावत आले, उरलेली फळी उचकटली आणि सुभेदारांना बाजेच्या फळीवर घालून काठावर आणलं. जाता जाता त्यातला म्हातारा म्हणाला, "सुभेदार, घराला येवढं मोठ्ठं भोक कशाला ठेवलंसा?"

सांगलीत पायाचं ऑपरेशन झालं, सळई घातली, आणि दोन महिने ते आमच्याकडं राहिले. त्या दोन महिन्यांत त्यांनी आमची भांडी रांगेत लावली नाहीत. मला जरा भीतीच वाटली. सुमन म्हणाली, "दादा लय शांत झाल्यात हो." ती सांगलीत राहून शुद्ध बोलायला शिकली होती, पण वडलांचं बोलायचं झालं की तिची भाषा गावाकडं जायची.

काठी टेकत ते गावी गेले तेव्हा बंगला परसात, चिंचेखाली उभा होता. मामींनी पुतण्याला सांगून तो ओढून आणवला होता. दिनकरकडून दोन्ही भोकं बुजवून घेतली होती, चाकांना दगड लावले होते, दाराला एक पायरी केली होती. सुभेदारांनी आत जाऊन काठीनं जमीन ठोकून पाहिली. "फळी बरोबर बसलीय," म्हणाले आणि बाजेवर बसले.

त्यानंतर तीन वर्षं त्यांचा दिवस तिथंच गेला. कोणीतरी तलावावरचे मासे आणून देई, ते स्वतः तळत, खात, आणि फिनेल टाकून जमीन पुसून घेत. मग दुपारी तीनला मामी चहाचे दोन कप घेऊन येत. आत नाही, पायरीवर बसत, तोंड परसाकडं करून. सुभेदार आत बाजेवर. एकदा सुट्टीला गेलो असताना मी खिडकीखालून ऐकलं. मामी सांगत होत्या, धाकटीला गोवर निघाला तेव्हा काय झालं, थोरली म्हस कशी मेली, विहीर खोदताना दोन पुरुष खोलीवर दगड लागला तेव्हा भावकी कशी भांडली. मला वाटलं, म्हातारी सहज बोलतीय. तसं नव्हतं. सुभेदारांनीच मामींना तसं सांगायला सांगितलं होतं. पहिल्या वर्षापासून, ओळीनं. ते फौजेत असताना मामींची पत्रं गावातले गुरुजी लिहून द्यायचे, आणि त्यात चारच ओळी असायच्या, इकडं सर्व ठीक आहे, काळजी नसावी. सव्वीस वर्षांचं ठीक म्हणजे नेमकं काय, हे सुभेदारांना आता ऐकायचं होतं. मामी थांबल्या की आतून आवाज यायचा, "बरं. पुढं?"

ऐकताना ते मध्ये बोलत नसत. फक्त एकदा, धाकटीच्या गोवराच्या वेळी, म्हणाले, "मला तार का केली न्हाईस?" मामी म्हणाल्या, "तुमी काय केलं असतं?" आतून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा तेच. "बरं. पुढं?"

श्रावणातल्या एका सकाळी ते बंगल्यातच गेले. चहा घेऊन कोणी यायच्या आत, बाजेवर बसल्या बसल्या. आम्ही सांगलीहून पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि कुणीतरी त्यांची मिशी नीट विंचरली होती.

दिवसकार्य उरकलं, पै-पाहुणे गेले. परसात मामी पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामी, गोष्ट कुठवर आली हुती?"

"सुमीच्या धाव्वीच्या निकालापातूर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आमच्या लग्नाच्या अगोदर थोडंसं."

"व्हय." त्यांनी पदरानं पायरीवरचा चिंचेचा पाला झाडला. मग आत सुमन आहे का ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पत्रात पास झाली म्हणून कळवलं हुतं. गुरुजींनी तसंच लिवलं, मी सांगितलं म्हणून. पोरगी गणितात नापास झाली हुती, दुसऱ्या खेपंला सुटली. ते मी दुसऱ्या दिवशी सांगणार हुती त्यास्नी."

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मलाही ते तेव्हाच कळलं.