एक्सरेतली पिंपळपानं

फॅब्रिक कलरचा वास आला की मला लातूरच्या दवाखान्यातली ती उजेडाची काच आठवते. बुद्धपौर्णिमेसाठी मायच्या पांढऱ्या साडीवर मला निळी पिंपळपानं छापायची होती, पण कागदाचं स्टेन्सिल दोन छापांतच भिजून फाटायचं. तेव्हा मायनं खोकल्याच्या वेळी काढलेला तिच्या छातीचा जुना एक्सरे आणून दिला. "घे की, नुस्ता पडून हाय." मी ब्लेडनं त्यात सात पानं कापली आणि साडीवर ती इतकी सुरेख उठली की शेजारणी बघायला आल्या. पावसाळ्यात तिचा खोकला उलटला. डॉक्टर म्हणाले, "जुना एक्सरे आणा, छातीतला डाग वाढलाय का ते ताडून बघू." रेणापूरला घरी जाऊन मी तोच रंगानं माखलेला एक्सरे आणला. त्यांनी तो काचेवर लावला, तर डागाच्या जागी पान कापलेलं, आणि त्यातून नुसता पांढरा उजेड येत होता. डॉक्टर माझ्याकडे वळले, तशी माय घाईनं म्हणाली, "म्याच देलता कापायला, साहेब. पोरीला बोलू नका." मग मला कुणीच बोललं नाही. ती गेली त्या दिवशीही नाही. कुणीतरी बोलावं म्हणून मी अजून थांबलेय.