बॅक इन फॅशन

मी देवास गेटला बसमधून उतरले तेव्हा सत्तरीची मावशी स्वतः घ्यायला आली होती. तिच्या नातीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता.

"आधी पोहे खाऊ, मग सीधं टेलरकडे," ती म्हणाली.

पोह्यांवर शेव आणि जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला), बाजूला गरम जिलबी. खाता खाता तिने पिशवीतून जांभळा ब्लाउजपीस काढला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला काकांनी माहेश्वरी साडी आणली, तिच्यातला. तिला फुग्याच्या बाह्या हव्या होत्या, सासूबाई नको म्हणाल्या. मग हिनेही हट्टाने तो शिवलाच नाही. साडी दुसऱ्याच ब्लाउजवर नेसली. पंचेचाळीस वर्षं कापड ट्रंकेत राहिलं. आता काका नाहीत, सासूबाईही नाहीत. पोरींच्या बाह्यांवर पुन्हा फुगे आलेले पाहून तिला धीर आला होता.

टावर चौकातल्या मास्टरजींना मी ऐटीत सांगितलं, "या बाह्या आता बॅक इन फॅशन आहेत."

"बैक में फैशन. हो जाएगा, दीदी."

माणसाला इंग्रजी येतं म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी महाकालाची रांग उरकून ब्लाउज आणायला गेलो. फुगे झकास होते. पाठीला मात्र ही मोठी खिडकी, वर डोरी, डोरीला दोन लटकन. शिंप्याच्या दुकानात बॅक म्हणजे पाठ, हे मला सुचायला हवं होतं.

"आपने ही तो बोला था," मास्टरजी शांतपणे म्हणाले.

"कपडा बचा है क्या?" मावशीने विचारलं.

"नहीं, माताजी. फुग्गों में गया."

मला रडूच आलं. मावशी म्हणाली, "तू परेशान नको होऊ. पदर कशासाठी असतो?"

माधव नगरच्या हॉलमध्ये ती दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून बसली. पाठ झाकली, पण फुगेही झाकले गेले. तासभर ती सारखी पदराखाली हात घालून बाही चाचपत होती. ते मला बघवेना. औक्षणाला उठली तेव्हा मात्र, "गरमी फार होतेय," असं म्हणून तिने पदर काढून सरळ कमरेला खोचला. व्याहीमंडळी बघत राहिली. तिने निरांजन विझू दिलं नाही.

निघताना मला म्हणाली, "एक फोटो पाठीमागून काढ. सासूबाईंच्या तसबिरीसमोर धरायचाय."

पुण्यात सगळे महाकालाचे फोटो मागतात. मी आधी हा दाखवते. चेहरा दिसत नाही. हसताना तिचे खांदे हलले, म्हणून तो जरा पुसटही आला आहे.