वंदना झाली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते – पण आधीच बजावते, मला समजून वगैरे घेऊ नका.

नागपुरात एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी टीम लीड आहे. काम चांगलं करते, त्याबद्दल मी मान खाली घालणार नाही. हे आधीच का सांगते? कारण तुम्हाला वाटेल, गुन्हा कामात होता. कामात चूक होती, आणि चूक कुणाच्याही हातून होते. गुन्हा तिच्यानंतरचा आहे.

धंतोलीतल्या एका हॉस्पिटलसाठी आम्ही वेबसाइट सांभाळायचो. घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, ती रद्द करायची, रिपोर्ट पाहायचे, एवढं तिचं काम. ती वंदनाताईंनी बनवलेली. वंदनाताई उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा स्वतःच बसून शिकलेल्या. वेबसाइटच्या प्रत्येक पत्त्यासाठी एक ओळ लिहावी लागते – हा पत्ता आला की हे काम कर. तिला राउट म्हणतात. ताईंनी सगळे राउट एकाच फाइलीत लिहिले होते, किराण्याच्या यादीसारखे एकाखाली एक. ती फाइल उघडली की माझं डोकं उठायचं.

मी म्हटलं, हे क्लासमध्ये, म्हणजे एकेका कामाच्या वेगळ्या कप्प्यात, लावू. अपॉइंटमेंटचे राउट एका क्लासमध्ये, कॅन्सलचे दुसऱ्यात, रिपोर्टचे तिसऱ्यात; प्रत्येक क्लासची वेगळी फाइल. ऑफिस चालवणारे आमचे सर लगेच हो म्हणाले. बरोबरच होतं ते! आजही सांगते, बरोबर होतं. उद्या पुन्हा तशी फाइल समोर आली तर मी पुन्हा तेच करीन.

लावता लावता एक ओळ आली. तिच्यावर ताईंनी लिहून ठेवलं होतं – 'ही ओळ हलवू नका. काहून ते मले विचारा. वंदना.'

ताई माझ्या मागच्याच टेबलावर बसत. खुर्ची फिरवली असती की झालं असतं. का नाही फिरवली? वेळ नव्हता? भरपूर होता. खरं सांगू – मला त्या 'मले'ची लाज वाटली. कोडमध्ये कुणी 'मले' लिहितं का? एखाद्या पुण्याच्या क्लायंटनं पाहिलं तर? आणि माझी आई घरी तसंच बोलते, मीही भांडायला लागले की तशीच बोलते. ऑफिसात मात्र 'मला' आणि 'तुला'. मी ती सूचना पुसली, ओळ उचलली आणि कॅन्सलच्या क्लासमध्ये नेऊन टाकली.

आता त्या 'काहून'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर ऐका. राउट वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की तिथेच थांबतात. 'अपॉइंटमेंट'पुढे कुठलाही शब्द आला तर तो डॉक्टरांचं नाव समजायचा, असा एक राउट होता. 'अपॉइंटमेंट'पुढे 'कॅन्सल' आलं तर वेळ रद्द करायची, असा दुसरा. दुसरा आधी असायलाच हवा, म्हणून ताईंनी तो वर ठेवला होता. माझे क्लास इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं वाचले जायचे – ए आधी, सी नंतर. झालं! वेबसाइट डॉक्टर कॅन्सल यांना शोधायला लागली. ते सापडेनात, म्हणून ती गुपचूप पहिल्या पानावर परत यायची.

एका सोमवारच्या वेळा हॉस्पिटलच्या रिसेप्शननं रद्द करायला घेतल्या आणि त्यांना वाटलं, रद्द झाल्या. त्या सोमवारी हाडांचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांचे पेशंट आले – कुणी खाप्याहून, कुणी गडचिरोलीकडून पहाटेच्या बसनं, प्लास्टरचे पाय सांभाळत. वेळ रद्द झाल्याचा निरोप एकालाही गेला नव्हता.

सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि बदलांची नोंद उघडली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाकीचे क्लास मी माझ्या लॅपटॉपवर केले होते, कॅन्सलचा मात्र ऑफिसच्या सामायिक मशीनवर. ते मशीन कधीकाळी ताईंनी लावून दिलेलं. त्यामुळे त्यावरून कुणीही काही बदललं तरी नोंदीत नाव उमटायचं वंदनाताईंचं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, ते नीट करायचा फक्त कंटाळा. सरांना ठाऊक नव्हतं. ताई म्हणाल्या, मी नाही केलं. सरांनी स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, क्लास माझे आहेत सर, पण ती ओळ ताईंनी हलवली. अगदी शांतपणे म्हणाले. घाबरले होते म्हणून? अजिबात नाही. टीम लीडची जागा रिकामी व्हायची होती आणि ती मला हवी होती.

ताईंनी माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "मले विचारलं काहून नाही वं?"

सरांना वाटलं, बाई विषय टाळते आहे. मला कळलं की ताईंना कळलं.

हॉस्पिटलचं काम ताईंकडून काढून घेतलं. दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. जरीपटक्याच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं त्यांचं दुकान आहे म्हणतात. म्हणतात – कारण मी त्या रस्त्यानं जात नाही. मी तीच ओळ अपॉइंटमेंटच्या क्लासमध्ये सगळ्यांत वर आणली आणि तिच्यावर सूचना लिहिली, शुद्ध इंग्रजीत. ती जागा मला मिळाली.

तुम्हाला वाटलं, संपलं? पुढे कुणाच्याही राउटचा क्रम चुकला की मी हसत म्हणायला लागले, "वंदना झाली!" हो, मीच. सगळे हसले आणि शब्द रुजला. आता आमच्याकडे ते रोजचं बोलणं आहे – बघ रे, इथे वंदना झाली; आधी वंदना काढ, मग जेवायला जा. तो शब्द जितका जुना होत गेला, तितकी मी निर्धास्त होत गेले.

गेल्या आठवड्यात नव्यानं लागलेली एक मुलगी वहीत लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, वंदनाचा फुल फॉर्म काय?"

तिच्या वहीत ते नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत होतं, प्रत्येक अक्षरापुढे टिंब. मी म्हणाले, फुल फॉर्म नाही, असंच म्हणतात. तिनं तसं लिहून घेतलं.

मी तेव्हा तरुण होते, दडपण होतं, असं काहीतरी म्हणता येईल. म्हणणार नाही. मी छत्तीस वर्षांची होते आणि दडपण कसलंच नव्हतं. क्लास अजून चालू आहेत, उत्तम चालतात, आणि त्यांच्यावर माझं नाव आहे. त्या चुकीवर मात्र दुसरीचं आहे. त्या चुकीचं खरं नाव शुभांगी. शुभांगी मीच.