बोगद्यातली शेडी

माझा धाकटा भाऊ आमच्या गावामागच्या डोंगरात, रेल्वेच्या बोगद्यात दुरुस्तीच्या कामावर मुकादम होता. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तो माझ्यासाठी तिथून दगड आणायचा. पांढरी गारगोटी, अभ्रकाचे पापुद्रे, कधी लोखंडासारखा जड तांबडा खडा. एकदा त्यानं जेवणाचा डबा उघडून गुलाबी-पांढरी मऊ माती दाखवली.

"ही शेडी, ताई. वर जांभो, खाली काळो कातळ, आणि मधी ही. जवसर सुकी, तवसर घट. पाणी लागला काय पेज."

श्रावणात एका दुपारी शाळेत फोन आला. बोगद्याची भिंत फोडून शेडी आत घुसली होती. भाऊ आणि त्याचा झारखंडचा जोडीदार पलीकडे अडकले होते.

मी पोचले तेव्हा भावजय बोगद्याच्या तोंडाशी चिखलात बसली होती. यंत्र आतला गाळ काढत होतं, डंपर तो बाहेर आणून ओतत होते. तिथला इंजिनिअर म्हणाला, "पुढं कातळाचा भाग आहे, तिथलं छत पक्कं आहे. तिथवर पळाले असतील तर आशा आहे."

मग आम्हाला दुसरं काही दिसेना. डंपर रिकामा झाला की भावजय ढिगाकडे धावायची, दोन्ही हातांनी उकरायची.

"ताई, काळो कातळ इलो काय गो?"

"नाय गो."

नुसती शेडी. काढावी तेवढी वरून पुन्हा उतरत होती. संध्याकाळी इंजिनिअरनं यंत्र थांबवलं. आणखी उपसलं तर सगळंच बसेल, म्हणाला. मी त्याचा शर्ट धरला. काय बोलले ते आठवत नाही. वर्गात मी खडकांचे प्रकार शिकवते. ही शेडी त्यातल्या कशात बसते, एवढंच वेड्यासारखं डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या चिखलातून माणूस सरपटत येईल एवढा लोखंडी पाइप ठोकत नेला. दुपारनंतर आतून आवाज आला. एकाचाच.

भाऊ बाहेर आला तो डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा. भावजयीनं त्याला घट्ट धरलं, पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "माका तेका ओढूक जमूक नाय, ताई. शेडयेन सोडूकच नाय." कातळाच्या अगदी कडेला जोडीदार कमरेपर्यंत रुतला होता. शेवटपर्यंत त्याचा हात भावाच्या हातात होता.

मृतदेह काढायला आणखी काही दिवस गेले. जोडीदाराचे वडील कुडाळ स्टेशनवर उतरले, तेव्हा भाऊ आणि मी आणायला गेलो. त्यांना आधी ती जागा बघायची होती.

बोगद्याच्या तोंडाशी भावाचा पाय उचलेना. तो तिथंच दगडावर बसला. मग इंजिनिअर आणि मी त्यांना आत घेऊन गेलो. जागा दाखवल्यावर त्यांनी चपला काढल्या, कातळाच्या भिंतीवर पंजा टेकवला, मग मुठीनं ठोकून पाहिलं.

"पत्थर तो पक्का है," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

माझ्या मोडक्या हिंदीत मी शेडी म्हणजे काय ते सांगू लागले. त्यांना पटेना. ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि ठोकत राहिले.